वळणाचं कारण

“इथं खडक हाय,” रंगनाथ म्हणाला आणि शुभांगीने पडद्यावरच्या नकाशात खडकाची खूण ठेवली.

नगरपालिकेच्या त्या खोलीत चपला बाहेर काढून यावं लागे. कॉम्प्युटर नवा होता. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीत एसी फक्त त्यालाच होता, नगराध्यक्षांना पंखा. दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू पडद्याच्या कोपऱ्यात अजून चिकटलेलं होतं.

गावाखालून पाण्याच्या लाइनी कुठून कुठे जातात, ते कुठल्याच कागदावर उरलं नव्हतं. कागद वाळवीने वाचून संपवले होते. राहिलं होतं रंगनाथ व्हॉल्व्हमनचं डोकं. पंचवीस वर्षं तो लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत हिंडला होता, आणि येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होता. जाताना डोकंही घरी नेईल, म्हणून इंजिनिअर साहेबांनी ते आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं काढलं होतं.

साहेब आत आले. त्यांच्या बुटांना नाड्या होत्या, त्यामुळे त्यांना चपलांचा नियम लागू नव्हता.

“हे काय? नेवासा रस्त्याच्या टाकीपासून सरळ आलेली लाइन इथं ओढ्यापाशी पोट काढून का गेलीय?”

“खडक आहे सर,” शुभांगी म्हणाली.

“बरं झालं कळलं. तेव्हा खडक लागला की वळत होते. आता नवी लाइन सरळ न्यायची. कॉन्ट्रॅक्टर सोमवारी येतोय. एस्टिमेटला सुरुंग धरा.”

“साहेब, वळण ऱ्हाऊ द्या की,” रंगनाथ म्हणाला. “बरं पडतं.”

“कुणाला?”

“पान्याला. दमानं येतं.”

“पाण्याला दम खायला चाळीस फूट पाइप जास्तीचा घालू? सुरुंग धरा हो.”

शुभांगीने कीबोर्डवर हात ठेवला. रंगनाथ जागचा हलला नाही.

“साहेब, खडक न्हाई तिथं.”

“अहो, आत्ता तर म्हणालात!”

“बहात्तरलाबी म्हनलो हुतो. चरावर मजूर हुतो मी. मुकादमाला म्हनलं, खडक लागला, पहार चालंना. त्यानं लाइन वळवली.”

“आणि पहार?”

“मारलीच न्हाई. माझी पोरगी हाय तिथं.”

शुभांगीने कीबोर्डवरचा हात खाली घेतला.

“आठ दिसांची हुती,” रंगनाथ म्हणाला. कुठल्या गल्लीत लिकेज आहे ते सांगावं, तसाच आवाज. “एवढ्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. तवा वढ्याकाठी नुसतं रान हुतं. म्हयन्याभरानं चर तिथंच आला.”

साहेबांनी एसीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

“खडक काढा,” ते शुभांगीला म्हणाले. “वळण तसंच ठेवा. नवी लाइनही तशीच जाईल.”

शुभांगीने खडक काढला. पण यंत्र पुढे जाईना. पडद्यावर एक चौकट उघडून बसली होती: वळणाचं कारण. ती रिकामी सोडायची सोय नव्हती. शुभांगीने यादी वरून खाली पाहिली. विहीर होती, झाड होतं, विजेचा खांब होता, देऊळ होतं.

“यादीत नाहीये, सर. निदान नाव टाकू का? मामा, नाव काय होतं तिचं?”

“बारसं व्हायचं हुतं, ताई.”

शुभांगीने चौकटीत नुसतं एक अक्षर मावेल एवढी मोकळी जागा टाकली. यंत्राला तेवढं पुरलं.

साहेब निघून गेले. रंगनाथ मात्र उभाच.

“ताई, ह्याचा कागद निघतो का?”

“निघतो की. तुम्हाला कशाला?”

“तिच्या आईला जागा ठाव न्हाई. तवा बाळंतीन हुती. नंतर सांगितलं असतं तर रोज तिथं जाऊन बसली असती. म्हून न्हाई सांगितलं. सव्वीस वर्सं इचारतीया भागिरथी.”

प्रिंटर करकरत राहिला. कडांना भोकं असलेला लांब कागद बाहेर आला. शुभांगीने तो फाडून दिला. सगळं गाव त्यावर रेघांनी भरलं होतं. एका जागी रेघ मधे काहीच नसताना वळसा घालून गेली होती.

रंगनाथने कागद टेबलावर ठेवून मधोमध घडी घातली. ती नेमकी वळणाच्या आतून गेली. त्याने उलगडून आडवी घातली. तीही तिथूनच. तिसऱ्यांदा त्याने बोटाने ती जागा झाकली आणि घडी बोटाच्या कडेकडेने नेली.

घडी वाकडी झाली. कागद खिशात मावेना. तो तसाच दोन्ही हातांवर धरून रंगनाथ बाहेर आला आणि पायांनीच चपला चाचपू लागला.