अक्काच्या वाट्याचं

डॉक्टर मैथिलीनं रक्ताची नळी उजेडाकडं धरली. "नागम्माताई, हे रक्त आमच्यासाठी फार मोलाचं आहे."

"रक्त कसलं, नुसता चहा हाय त्यात," नागम्मा हसली. तिच्या मांडीवर शेंगा फोडत बसलेली शिवलीलाही हसली.

दाराशी टेकलेल्या महानंदाला हसू आलं नाही. मांडी नागम्माअक्काची, पोर मात्र महानंदाची. दोघी सख्ख्या बहिणी, नळदुर्गात एकाच घरी दिलेल्या, म्हणून जावाही. सासूच्या टीबीत दोघींनी सारखीच उस्तवार केली. आजार चिकटला तो एकट्या महानंदाला. तेव्हा पोर अक्काजवळ निजायला गेली. आता गोळ्या संपल्या, पोरीला जवळ घ्या म्हणून दवाखान्यानं सांगितलं, पण पोर येईना. तिची 'मोठी आई' आता नुसती 'आई' झाली होती.

"घ्या मॅडम, घागर भरून घ्या," महानंदा म्हणाली. "तिचं सगळंच मोलाचं."

"तुमचंही घेणार आहे. रोगाशी झुंजायची ताकद कुणाला कशी मिळते, हे बहुतेक परदेशातल्या माणसांचं रक्त तपासून लिहिलंय. आपल्याकडच्यांचं फारसं कुणी पाहिलंच नाही. एका आईच्या दोघी, एका घरात. एकीला होतो, एकीला नाही. जन्मतः मिळालेल्यात काही फरक आहे का, ते शोधायचंय."

"म्हंजी आईनं वाटणीतच दुजाभाव केला."

"आई-वडील दोघांकडून येतं ते. कुणाला काय द्यायचं, हे त्यांच्या हातात नसतं."

"आन् माझ्या पोरीला?"

"अर्धं तुमचं, अर्धं तिच्या वडिलांचं."

"अक्काचं?"

"त्यांच्याकडून कसं येईल?"

महानंदा ताठ झाली. कितीतरी दिवसांनी तिनं बहिणीच्या डोळ्याला डोळा भिडवला. "ऐकलंस न्हवं, अक्का? तुझं काय बी न्हाय तिच्यात."

नागम्मानं मान खाली घातली. पोरीच्या झग्यावरची टरफलं ती एकेक करून वेचत राहिली.

तेवढ्यात शिवलीला खोकली. शेंगदाणा घशात अडकला असेल. नागम्मानं पाठीवर थाप मारली, पोर पुन्हा खायला लागली.

महानंदाच्या तोंडावरचा रंग मात्र उतरला. तिची नजर डॉक्टरच्या हातातल्या, अक्काच्या रक्ताच्या नळीवर खिळली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ह्यातलं थोडं पोरीला घालता येत न्हाय का?"