बिनकुंपणाची सर्वपित्री

“कावळा शिवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही,” बाबांनी बजावलं आणि कागदी पत्रावळीवर भात, खीर, वर उडदाचे दोन वडे असं पान केबिनसमोरच्या लाकडी ओट्याच्या कडेला ठेवलं.

ओट्याला कठडा नव्हता. पुढे वाळकं गवत, गवतापुढे पाणथळ आणि मध्ये कुंपण म्हणून काडीसुद्धा नाही. हेच तर या लॉजचं वैशिष्ट्य, असं संजीव दोन दिवस सांगत होता. डार्विनहून तीन तासांवर, बसल्याजागी रानरेडे बघा, छोट्या कांगारूंसारख्या वॉलबी बघा, मगरी बघा. बुकिंग करताना त्याने सगळं पाहिलं होतं, फक्त पंचांग पाहिलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या त्याच्या वडिलांनी विमानात बसल्यावर सांगितलं, परवा सर्वपित्री आहे. चाळीस वर्षांत माझं एक पान चुकलेलं नाही.

स्वयंपाक संजीवच्या बायकोनेच, मयूराने केला होता, लॉजच्या किचनमधली एक शेगडी मागून घेऊन. आणि पान बाहेर ठेवू नका, हेही सकाळपासून चारदा तिनेच सांगितलं होतं. केबिनबाहेर अन्न नेऊ नये, हा लॉजचा पहिला नियम. तिने नियमांची सहाही पानं वाचली होती. गळ्यात शिट्टी अडकवली होती. चार वर्षांच्या चिन्मयीला हातभर अंतरावर बसवून ती सारखी गवताकडे बघत होती.

“सूनबाई, आपण जनावरं बघायला आलोय की त्यांची हजेरी घ्यायला?” बाबा म्हणाले.

“बाबा, ही तिकडे गुंगालिनला, आपल्या घरातले बूटसुद्धा कोळी झटकून घालते,” संजीव हसला. “चिल, मयूरा. गाइड म्हणाला ना, नो वरीज.”

“त्यापुढे तो काय म्हणाला, तेही ऐकायचं होतंस.”

समोरच्या झाडावर एक कावळा बसला होता. नुसताच बघत. बाबांनी हात जोडले. “ये गं आई. नातवाचं घर झालंय. पणतीला मराठी येतं, थोडंफार. आता काय राहिलंय तुझ्या मनात?” मग स्वतःशीच हसले. “फार काळजीची बाई. आम्ही पाच भावंडं परसात खेळायचो, तर ही विहिरीच्या काठावर सूप घेऊन बसायची. दुपारभर. तांदूळ निवडायचं नुसतं निमित्त. सगळी आळी हसायची तिला. आम्हीही.”

कावळा उडून गेला.

“आई, लुक! डॉगी!” चिन्मयी उठली.

डिंगो, इथला रानकुत्रा, ओट्यापर्यंत आलेला होता. पिवळट, बरगड्या मोजाव्यात असा. त्याचा डोळा पानावर होता आणि पानापासून चिन्मयी तीन पावलांवर होती. संजीव ताडकन उठला, त्याची खुर्ची आडवी झाली. “चिनू, पळ!”

“कुणी पळायचं नाही,” मयूरा म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने पोरीला मागे ओढलं आणि स्वतः पुढे उभी राहिली. ताठ. हात छातीशी घट्ट, नजर डिंगोच्या नजरेत. नो वरीजच्या पुढे गाइडने सांगितलं होतं ते हेच. तिचे पाय हलले नाहीत. डिंगो जरा थबकला. वड्यांचा एकदा लांबूनच वास घेतला आणि आला तसा गवतात गेला.

मयूरा वाकली. तिने पान उचललं.

“अगं, ठेव ते,” संजीव कुजबुजला. “कावळा शिवला नाहीये अजून.”

“नाही ठेवणार.” ती सासऱ्यांकडे वळली. “बाबा, उद्धट म्हणायचं तर म्हणा. पण माझी पोर इथे असताना हे पान बाहेर राहणार नाही. आजींना घासच पोचवायचाय ना?”

तिने उभ्याउभ्या वडा मोडला, खिरीत बुडवला आणि सगळ्यांच्या आधी, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ला. मग दुसराही.

संजीवने मान खाली घातली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे. तिचा कुर्ता मुठीत धरून मागे उभ्या असलेल्या पोरीकडे. मग त्यांनी आडवी पडलेली खुर्ची उचलली, आत नेली आणि सुनेसाठी टेबलाशी लावली.

“चला रे, पानं वाढून घ्या,” ते म्हणाले. “आई जेवली.”