दोरीवरच्या पिशव्या

“पिशवी फेकू नकोस गं, धुऊन वाळत घाल,” सासूबाई सांगायच्या. “नाही फेकणार, आई,” असा सुनेने शब्दही दिला होता. त्या वारल्यावर मात्र महिनाभर दुधाची, भाजीची प्रत्येक पिशवी तिने बिनघोर फेकली.

आज तो शब्द मनाला टोचला म्हणून सात पिशव्या धुऊन तिने दोरीवर घातल्या. खिडक्या बंद, पंखा बंद. तरी सगळ्या एकदम फुगत होत्या, एकदम बसत होत्या. पाळण्यातल्या लेकीची छातीही त्याच लयीत हलत होती.

“हे काय तोरण बांधलंयस?” म्हणत नवऱ्याने एक पिशवी चुरगाळली.

लेकीचा श्वास अडकला.

तिने पिशवी सोडवून परत टांगली. श्वास आला, पण अर्धाच.

“कुठे निघालीस?”

“बाकीच्या आणायला,” ती हळूच म्हणाली आणि कचराकुंडीकडे चालू लागली.