फळी संपेपर्यंत

फळीवर चुऱ्याचा एकावन्नावा ढीग पडला. तोही गुलाबी.

डेल्बर्टने ड्रिल न थांबवता बोटाने दाखवलं, आता एकाच ढिगाची जागा उरली. दर दहा फुटांना भोकातून उडालेला चुरा चाळणीत धरायचा आणि मूठभर फळीवर ओळीने ठेवायचा, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. पहिले तीस ढीग वाळूगोट्यांचे, पुढचे सगळे ग्रॅनाइटचे. ग्रॅनाइट लागला की विहीर सोडायची, हीही त्याची रीतच होती. केवळ मेंढ्यांचा मालक पेयो एतचार्त याच्या शब्दाखातर त्याने ती मोडली होती. पण फळी संपली की यंत्र गाडीवर चढवायचं, असं ठरलं होतं.

बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याचा झरा जुलैतच आटला होता. पाणी लागलं नाही तर शुक्रवारी पेयोच्या नऊशे मेंढ्या विकल्या जाणार होत्या. त्यांना ट्रकात चढवायचा लाकडी उतार त्याने कालच झाडून ठेवला होता.

पेयोची मुलगी मायलिस फळीपाशी गुडघे टेकून बसली होती. ग्रॅनाइट लागला तरी थांबू नका, असं तीच म्हणाली होती. स्वयंपाकघरात टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी रेटून तिने वडिलांना दाखवलं होतं : डोंगर वर उचलला गेला, तेव्हा तो सरळ उभा राहिला नाही, मैदानावर सरकला. म्हणून इथे जुना दगड वर आहे आणि नवा त्याच्या खाली. नव्यात आधी चिखलाचा दगड, मग पाणी धरणारा वाळूचा. ग्रॅनाइट किती फुटांवर संपेल, एवढंच पेयोने विचारलं होतं. चारशे, ती म्हणाली होती.

"पोरी, ग्रॅनाइटखाली नरक असतो," डेल्बर्ट यंत्राच्या आवाजावरून ओरडला. "आणि तिथेही पाण्याची बोंबच."

ती हसली नाही. वरच्या घळीत तिने त्या सरकणीचा कल वीस अंश मोजला होता; चारशे फूट त्यावरूनच काढले होते. पंचवीस असेल तर पाचशे तेरा फूट. तीस असेल तर सहाशेच्या पुढे.

ड्रिलच्या हातोड्याचा आवाज एकाएकी बोदा झाला. सळई झरझर खाली गेली.

बावन्नावा ढीग राखाडी होता. मायलिसने चिमूटभर चुरा पुढच्या दातांत धरला. पेयो भोकाकडे बघत नव्हता, तिच्या जबड्याकडे बघत होता.

"वाळूची कचकच नाही," ती म्हणाली. "चिखल आहे, बाबा. समुद्राचा."

"ओला?"

"सात कोटी वर्षांपूर्वी होता."

डेल्बर्टने यंत्र बंद केलं. मेंढ्यांचं ओरडणं ऐकू यायला लागलं.

"फळी संपली, पेयो."

पेयो हातोडी घेऊन कुंपणाकडे गेला. उताराची पहिली फळी त्याने उचकटली, खिळे ठोकून वाकवले, आणि ती आणून जुन्या फळीच्या टोकाला टोक लावून ठेवली.