कोटाचं बटण

"आधी दार लावा," शिंपीकाका दबक्या आवाजात म्हणाले. "ती बाहेरच बसलीय. कान तिखट आहेत तिचे."

डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावलं. "ती म्हणजे कोण?"

"सून. चार दिवस मागे लागली होती, डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला. स्वतः धरून आणलं. करून सवरून नामानिराळी!" काकांनी रुमालाने मान पुसली. "बाई, ती मला मारतेय. हळूहळू."

डॉक्टरीणबाई या दवाखान्यात नव्या होत्या, पण घाबरलेल्या माणसाला हसू नये एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी काकांचं मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. नाडी फारच मंद होती. मधूनच एखादा ठोका गाळत होती.

"होतं काय काय?"

"मळमळतं. अन्न समोर नको वाटतं. उठलो की घर फिरतं. आणि हे सगळं मी आधी पाहिलंय, बाई. गेल्या थंडीत आमची ही गेली, ती अशीच. हीच मळमळ, हीच चक्कर. एका सकाळी मोरीपाशी पडली ती उठलीच नाही. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. पण तिचा चहा कोण करत होतं?" काकांनी दाराकडे मान उडवली. "आता माझा नंबर. महिना झाला, चहा मी गुपचूप मोरीत ओततो. तरी उतार नाही. म्हणजे भाजीत घालत असणार."

त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्ही सारख्याच तपकिरी, दोन्हींत सुट्या पांढऱ्या गोळ्या आणि दोन्हींच्या गळ्याला दोरा.

"हे दोरे कशाला?"

"अक्षराशी माझं कधी जमलं नाही. पन्नास वर्षं दोरा ओळखला, तेवढं पुरे. निळा दोरा हृदयाची, कायम उशाशी, सकाळी उठल्या उठल्या अर्धी. काळा दोरा गुडघ्यांची, अख्खी, दिवसातून दोनदा. हिलाही याच दोन गोळ्या होत्या, हेच दोन दोरे. तिच्या बाटल्यांना मी सुनेचा हात लागू दिला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या हाताने दिल्या. म्हणून तर चहाचा रस्ता शोधला ना तिने!"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या ताटलीत ओतल्या आणि मोजायला घेतल्या. काकांना ती शांतता सोसेना. बाईंचा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. त्याचं एक बटण लोंबत होतं.

"हे आज पडणार," काका म्हणाले. "द्या इकडे. हाताला काम असलं की भीती जरा गप्प बसते."

खिशातून त्यांनी सुई आणि दोरे गुंडाळलेला पुठ्ठा काढला. सुई ओवायला पाच-सहा खेपा लागल्या. पुढे मात्र हात आपोआप चालला.

"काका," डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. "ही हृदयाची बाटली पंधरा दिवसांपूर्वी भरून दिलीय. आठ संपायला हव्यात. पस्तीस संपल्यात. गुडघ्यांची मात्र जवळजवळ भरलेलीच आहे. या गोळीने नाडी बसते, माणूस जातो. घरात बाटल्यांना हात कोणाचा लागतो?"

"म्हटलं नव्हतं!" काकांचे ओठ पांढरे पडले. "तिला हृदयाचीच हवी ना, कुटायला! आता पोराला कोणत्या तोंडाने सांगू? बायको धरील की बाप?"

डॉक्टरीणबाईंचा हात फोनकडे गेला. त्याच वेळी काकांनी दाताने दोरा तोडला आणि कोट पुढे केला. "हे घ्या. कोट फाटेल, बटण हलणार नाही."

बाईंनी कोट घेतला. खिडकीच्या उजेडात त्या बटणाकडे बघतच राहिल्या. फोन तिथेच राहिला.

"काका, कोणत्या दोऱ्याने शिवलंत?"

"काळ्या. काळ्या कोटाला दुसरा कोणता?"

बाईंनी दोन्ही बाटल्या काकांसमोर ठेवल्या. "यातली निळ्या दोऱ्याची द्या बरं."

काकांनी एक बाटली नाकाशी धरली, मग दुसरी. "दोन्ही काळे! बघा, माझा निळा सोडून तिने काळा बांधला!"

डॉक्टरीणबाईंनी दार उघडून सुनेला आत बोलावलं. ती सासऱ्याची काठी छातीशी धरूनच आत आली.

"या दोऱ्यांचे रंग सांगा."

"एक निळा, एक काळा." तिची नजर कोटावर गेली. "अगंबाई, आणि काळ्या कोटाला निळ्याने बटण? मामंजी, हे तुम्ही केलंत?"

बाईंनी काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मोठा श्वास सोडला. "मोतीबिंदू. चांगला पिकलाय. काका, तुम्हाला कोणीही काही घालत नाही. उशाशी हात जातो, हृदयाचीच बाटली हाताला येते, आणि तिचा दोराही तुम्हाला काळा दिसतो. सकाळची अर्धी हृदयाची, आणि वर गुडघ्यांची म्हणून दोनदा घेता तीही हृदयाचीच. आजच दाखल व्हा. नाडी ताळ्यावर आली की डोळे करून टाकू."

सून मटकन बसली. "म्हणून चहा मोरीत जात होता होय! मला वाटलं, माझाच चहा वाईट. रोज साखर वाढवत होते मी." ती रडता रडता हसली.

डॉक्टरीणबाईही हसल्या. काकांच्या छातीवरचा महिन्याचा धोंडा उतरला. शरमेने मान खाली घालून त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो मध्येच थांबला.

"बाई, डोळ्यांचं हे कधीपासून असेल?"

"एवढा पिकायला? दोन-तीन वर्षं सहज."

हात तसाच अधांतरी राहिला. मग काकांनी तो जवळ घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"हिला," ते म्हणाले, "काळ्या दोऱ्याची मी दिवसातून दोनदा देत होतो. न चुकता."