नमुन्याचं घर

स्वस्त घरबांधणीच्या प्रशिक्षणात पहिला आला म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने गवंड्याला त्यानेच बांधलेलं घर बक्षीस दिलं. मातीच्या विटा, निम्मा खर्च, भर उन्हाळ्यात आत गारवा. भाड्याच्या पत्र्याखाली वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या बायकोने त्याच संध्याकाळी भांडीकुंडी बांधली.

"एवढी पाहणी उरकू द्या, मग राहायला या," संस्थेचे साहेब म्हणाले. "स्वयंपाक सुरू झाला की भिंती काळवंडतात हो."

एका पाहणीच्या दोन झाल्या, मग गावोगावहून बसगाड्या भरून लोक येऊ लागले. गवंडी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा राहायचा आणि बायको अंगण झाडायची.

"घर नक्की आपल्यालाच दिलंय ना?" ती विचारायची.

"म्हणून तर झाडायला तुला बोलावतात," तो म्हणायचा.

आज एक पाहुण्या बाई घर बघून अगदी हरखून बाहेर आल्या. "नशीबवान आहात, वहिनी. भर दुपारी आत कसं वाटतं हो?"

गवंडी उगाचच सदऱ्याची बटणं चाचपू लागला.



"ते तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. "आत तुम्ही जाऊन आलात."