फुंकर

पाळणाघर बंद, म्हणून लेकीला प्रयोगशाळेत आणलं होतं. तळ्यातले सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड किती शोषतात, हे मला मोजायचं होतं. फोन ठेवून वळले, तर नमुन्याच्या बाटलीत तिची ज्यूसची स्ट्रॉ! त्या तळ्याचं पाणी पिऊन गेल्याच आठवड्यात दोन कुत्री दगावली होती. "किती प्यायलीस?" मी तिची हनुवटी धरली. ओठ ओले होते. "खरं सांग, किती?" ती रडकुंडीला आली. "प्यायले नाही गं! फुंकर घातली. तूच म्हणालीस ना, आपण सोडलेली हवा ते खातात आणि सकाळपासून उपाशी आहेत?" बाटली उचलून मी पातळीची रेघ पाहिली. पाणी बरोब्बर रेघेवर होतं. प्रयोगाचे मात्र बारा वाजले होते. मी कोंडून धरलेला श्वास सोडला. "आई," ती ओरडली, "वाया काय घालवतेस? बाटलीत सोड ना!"